ॲपच्या पोटात काय आहे ते दाखवणारं टूल आणि त्याची कुणी न वाचलेली माहितीपुस्तिका

घणसोली फास्ट | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं (दोघं महापेला नोकरीला, एक वागळे इस्टेटला) दोनेक वर्षं फावल्या वेळात एक छोटं अँड्रॉइड टूल बनवतोय. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात समजून संपादक धागा उडवतील. फुकट आहे आणि सोर्स खुला आहे. काम एवढंच, की फोनवरचं कुठलंही ॲप निवडलं की त्याच्या पोटात काय काय आहे ते दाखवायचं. ॲक्टिव्हिटी (पडदे) किती, सर्व्हिस (मागे चालणारी कामं) किती, ब्रॉडकास्ट रिसीव्हर (हाक ऐकून जागे होणारे) किती, कंटेंट प्रोव्हायडर (माहिती देणारे) किती, यातलं दुसऱ्या ॲपला काय उघडता येतं (त्यावर लाल खूण), कशाला कुठली परवानगी लागते. फोन रूट केलेला असेल (म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला असेल) तर एकेक भाग बंदही करता येतो.

टूल लिहिताना मजा आली. पुस्तिका लिहिताना मात्र घाम फुटला. तिघांत मराठी माध्यमातला मी एकटा, म्हणून मराठी पुस्तिका माझ्या गळ्यात. शनिवार-रविवार मारून चाळीस पानं पाडली. प्रत्येक बटण, प्रत्येक टॅब, प्रत्येक फिल्टर, काही म्हणून सोडलं नाही. आणि तरीही इनबॉक्समध्ये तेच तीन प्रश्न:

एक, माझ्या बँकेच्या ॲपवर लाल खूण आलीय, हॅक झालं का?
दोन, ॲपला एकच स्क्रीन आहे, मग यादीत ही ढीगभर नावं कुठून आली?
तीन, माझं अमुक ॲप यादीत दिसतच नाही, तुमचं टूल गंडलंय.

तिन्हींची उत्तरं पुस्तिकेत आहेत. पान १७, पान २२ आणि पान ३५. म्हणजे तिथपर्यंत कुणी पोचत नाही. नमुन्यादाखल पान १७ वरचं एक वाक्य देतो, झोडा:

«एक्स्पोर्टेड: सदर घटक निर्यात केलेला असल्यास तो इतर अनुप्रयोगांद्वारे प्रारंभ केला जाऊ शकतो.»

पारसिक बोगदा | सोमवार, रात्री ११:४१

निर्यात? कुठून, न्हावाशेवाहून? कंटेनरमध्ये भरून?

हे वाक्य मशीनने लिहिलंय आणि तुम्ही फक्त «सदर» घातलंय, असं वाटतंय.

घणसोली फास्ट | सोमवार, रात्री ११:४४

@बोगदा, उलट आहे. «सदर» मशीनचं, बाकी मी हात फिरवलाय. म्हणजे आधी काय असेल ते बघा.

खारफुटी | मंगळवार, सकाळी ८:१५

ऐरोलीला टेस्टिंग करते, त्यामुळे अशा पुस्तिका वाचणं हेच माझं पोट. कालच तुमची साइट शोधून पाहिली (सोर्स खुला आहे म्हणालात, सापडायला वेळ लागला नाही, नाव सांगत नाही). तीन गोष्टी.

पहिली, तुमची अनुक्रमणिका म्हणजे मेनूची उजळणी आहे. डावीकडून पहिलं बटण, दुसरं बटण. वाचणारा बटणाचा अर्थ विचारायला येतच नाही हो, तो घाबरून येतो. त्याच्या तोंडात जो प्रश्न आहे तो मथळा करा. दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायाटॅक्सिस नावाची पद्धत आहे: शिकवणी वेगळी, एखादं काम कसं करायचं ते वेगळं, संदर्भ वेगळा आणि उलगडा वेगळा. तुमच्याकडे चाळीसच्या चाळीस पानं संदर्भ आहेत.

दुसरी गोष्ट फारच मजेशीर आहे. पुस्तिकेच्या शोधात मी «ॲक्टिव्हिटी» टाकलं. चार निकाल आले. डोळ्यांनी मोजली तर पहिल्या दहा पानांतच डझनावर ॲक्टिव्हिटी. मग लक्षात आलं: तुम्ही अर्ध्या ठिकाणी «ॲ» हे एकच अक्षर वापरलंय आणि अर्ध्या ठिकाणी «अ» वर चंद्र दिलाय, «अॅ». बघायला एकसारखं, संगणकाला दोन वेगळ्या गोष्टी. सलग «ॲ» युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकी क्रमांक देणारं प्रमाण) २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचे कीबोर्ड आणि त्याआधीची बोटं अजून जोडूनच काढतात. आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं एकच अक्षर एकरूप करणं) चालवलंत तरी हे दोन एक होत नाहीत, स्वतः शोधून बदलावं लागतं.

तिसरी, स्क्रीनशॉट. पान ६ वर तुमच्या फोनवरच्या ॲपची आख्खी यादी आहे. कुठल्या बँकेत खातं, कुठला दवाखाना आणि (माफ करा) लग्न जुळवणारं कुठलं ॲप, सगळं दिसतंय. ॲपची यादी हीच खासगी माहिती आहे, हे तुमच्याच टूलची पुस्तिका सांगते आणि पान ६ वर स्वतःच विसरते. एम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) नवे काढा.

घणसोली फास्ट | मंगळवार, सकाळी ८:३२

पान ६ काढलं. ताई, धन्यवाद. आईला यातलं काही सांगू नका.

पारसिक बोगदा | मंगळवार, सकाळी ९:०५

लग्न जुळलं की धागा काढा. शतकी होईल.

कोपरीकर | मंगळवार, दुपारी १:५०

मी यांचं टूल वापरतो (मीही शोधलं). तक्रार आहे, इथेच मांडतो.

आमच्या सोसायटीत गेटवर कुणी आलं की फोनवर सूचना येते, आपण हो म्हटलं की वॉचमन आत सोडतो. त्या ॲपमधून जाहिरातींच्या सूचनाही यायच्या, दिवसाला पाच-सहा. जुना फोन रूट केलेला आहे. यांच्या टूलमध्ये गेलो, सर्व्हिसच्या यादीत एका नावात «मेसेजिंग» दिसलं. म्हटलं हेच ते, जाहिरातींचे मेसेज. बंद केलं. जाहिराती थांबल्या. लई भारी वाटलं.

तिसऱ्या दिवशी सासरेबुवा डोंबिवलीहून आले. गेटवर पंधरा मिनिटं उन्हात. मी घरात, फोन हातात, सूचना नाही. सासरेबुवांचा फोन आला तेव्हा कळलं. जाहिरात आणि «पाहुणे आलेत» दोन्ही त्याच नळातून येत होते राव.

मग घाबरून «सगळे चालू करा» दाबलं. तर आधी जे भाग बंदच दिसत होते तेही चालू झाले. आता मूळ काय होतं तेच आठवेना. शेवटी ॲप काढून पुन्हा टाकलं. पुस्तिकेत याबद्दल एक अक्षर नाही. पान २८ वर फक्त लिहिलंय, «टॉगल दाबून घटक सक्षम किंवा अक्षम करा». सासरेबुवा अजून तो विषय काढतात.

येऊरचा बिबट्या | मंगळवार, रात्री १०:१०

माझं काम ॲपची सुरक्षा तपासायचं. धागा वाचून राहवलं नाही, जरा लांबेल.

कोपरीकर, तुमचं «आधीच बंद असलेले भाग» हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि टूलवाल्यांनीही ते नीट दाखवलेलं नाही. अँड्रॉइडमध्ये घटकाची स्थिती चालू आणि बंद अशी दोनच नसते. तिसरी असते, «मूळ», म्हणजे ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपसोबत येणाऱ्या घटकांच्या नोंदपत्रात) बनवणाऱ्याने जे लिहिलं तसं. आणि बनवणारा मुद्दाम काही घटक बंद ठेवून पाठवतो. वर्कमॅनेजर ही मागे चालायची कामं लावून देणारी गूगलची लायब्ररी (तयार कोडचा संच) असंख्य ॲपमध्ये असते. फोन पुन्हा सुरू झाल्यावर कामं परत मांडणारा तिचा रिसीव्हर मॅनिफेस्टमध्ये बंदच असतो. गरज पडली की लायब्ररी स्वतः तो चालू करते, काम झालं की स्वतः बंद करते. हे बघून माणसाला वाटतं कुणीतरी छेडछाड केली. काही नाही, घर असंच बांधलंय. म्हणून परत फिरायचं तर «चालू करा» नको, «मूळ स्थितीला न्या» हवं. आणि आपण केलेला बदल फोन बंद-चालू करून जात नाही, ॲप अपडेट होऊनही जात नाही. ॲप काढून टाकलं तर जातो, जे तुम्ही केलंत.

आता लाल खुणेबद्दल. एक्स्पोर्टेड म्हणजे दुसऱ्या ॲपला हा घटक हाक मारून उघडता येतो, बस. होम स्क्रीनवर चिन्ह असलेल्या ॲपची निदान एक ॲक्टिव्हिटी अशी असावीच लागते, कारण होम स्क्रीन हेसुद्धा एक वेगळं ॲपच आहे आणि तेच तुमच्या ॲपला हाक मारतं. दुकानातला क्यूआर कोड कॅमेऱ्याने वाचला की खालून यूपीआय ॲपची रांग वर येते ना? त्या रांगेतल्या प्रत्येक ॲपने «यूपीआयचा दुवा आला तर मला बोलवा» असं इंटेंट फिल्टरमध्ये लिहून ठेवलेलं असतं आणि ती ॲक्टिव्हिटी उघडी ठेवलेली असते. ती लाल दिसणार. ती लाल नसती तर वडापावचे पैसे रोख द्यावे लागले असते.

पुढे, उघडं आहे म्हणजे कुणालाही उघडं आहे असंही नाही. त्याच वर्कमॅनेजरची एक सर्व्हिस एक्स्पोर्टेड असते, पण तिच्यावर अशी परवानगी लावलेली असते की फक्त सिस्टिमच तिला जोडून घेऊ शकते. तुमच्या टूलमध्ये तीही लाल. म्हणजे बँकेच्या ॲपवर लाल दिसण्यात नवल काहीच नाही, न दिसती तर मी घाबरलो असतो.

थोडा इतिहास, कारण पुस्तिकेत तो चुकलाय. पूर्वी इंटेंट फिल्टर लिहिला की घटक आपोआप उघडा व्हायचा, बनवणाऱ्याच्या नकळत. तिथेच घोळ व्हायचे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, त्या पातळीसाठी बांधलेल्या ॲपमध्ये फिल्टर असलेल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस, रिसीव्हरला उघडा की बंद हे स्पष्ट लिहावंच लागतं, नाहीतर ॲप इन्स्टॉलच होत नाही. प्रोव्हायडरची गोष्ट वेगळी. ते त्याआधीच, अँड्रॉइड ४.२ च्या पातळीपासून, आपोआप बंद धरले जाऊ लागले. तुमच्या पान १९ वर दोन्ही एकत्र कालवलेत.

पारसिक बोगदा | मंगळवार, रात्री १०:३५

बिबट्या, वाखु (वाचनखूण) साठवली. बाकी चाळीस पानं फेकून हा एक प्रतिसाद चिकटवा.

आणि एक. कोपरीकरांनी पान २८ वाचलं असतं तरी सासरे उन्हातच राहिले असते. टॉगल दाबताना पुस्तिका कुणाच्या मांडीवर असते? जे सांगायचंय ते टॉगलच्या खाली एका ओळीत लिहा.

खारफुटी | मंगळवार, रात्री १०:५२

बोगद्याशी सहमत व्हायची वेळ आली. नोंद व्हावी.

घणसोली फास्ट | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. कोपरीकर, मनापासून सॉरी, सासऱ्यांनाही सांगा.

दुसरा आणि तिसरा प्रश्नही इथेच उलगडतो, म्हणजे पुस्तिकेत काय लिहायचं ते मलाच स्पष्ट होईल.

एका स्क्रीनच्या ॲपमध्ये इतकी नावं येतात कारण ॲप बांधताना प्रत्येक लायब्ररी आपापलं मॅनिफेस्ट घेऊन येते आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एकच होतं. जाहिरातींची लायब्ररी तिची ॲक्टिव्हिटी आणते, गूगलचं फायरबेस स्वतःला सुरू करायला एक प्रोव्हायडर आणतं, वर्कमॅनेजरची तर वरातच. बनवणाऱ्याने हातानं लिहिलेलं त्यात एखादंच. उलटही होतं. हल्ली पुष्कळ ॲप एकाच ॲक्टिव्हिटीत बांधतात आणि आतले वीस पडदे कंपोज या पडदे रचायच्या साधनात काढतात. तिथे आमची यादी एकच ॲक्टिव्हिटी दाखवते आणि लोक म्हणतात टूल आंधळं आहे. यादीतली नावं वाचता येतात ती मात्र नशिबाने नाही. बांधताना बाकीची नावं आखडून अ, ब, क करून टाकतात, पण मॅनिफेस्टमधल्या घटकांची नावं तशीच ठेवावी लागतात, नाहीतर सिस्टिमला ते सापडणार नाहीत.

तिसरा, ॲप न दिसणं. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला फोनवरची बाकीची सगळी ॲप आपोआप दिसत नाहीत. सगळी बघायची तर त्यासाठी खास परवानगी मागावी लागते, आणि प्ले स्टोअरवर ती हवी असेल तर ॲपचं मुख्य कामच तिच्यावाचून अडतं हे गूगलला पटवावं लागतं. म्हणून आमच्या दोन आवृत्त्या आहेत, एक प्ले स्टोअरची आणि एक बाहेरची. पहिलीत काही ॲप दिसत नाहीत. हे पान ३५ वर तळटीपेत होतं, तळटीपेत! माझं मलाच हसू येतंय.

आता खरा वाद: शब्द. आमचा वागळेवाला म्हणतो सगळं शुद्ध मराठीत हवं: क्रियाकलाप, सेवा, प्राप्तकर्ता, प्रदाता. मी म्हणतो देवनागरीत ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस, रिसीव्हर, प्रोव्हायडर. तुम्ही?

कोपरीकर | बुधवार, रात्री ९:४१

क्रियाकलाप म्हटलं की मला गॅदरिंग आठवतं.

पारसिक बोगदा | बुधवार, रात्री ९:४४

प्रदाता म्हटलं की महावितरण.

येऊरचा बिबट्या | बुधवार, रात्री ९:५८

माणूस नेटवर मदत शोधायला जाणार ती रोमनमधलं नाव टाकूनच. यादीतही रोमनच दिसतं. तुम्ही प्राप्तकर्ता लिहिलंत तर त्याला स्क्रीनवरचं आणि पानावरचं जुळवता येणार नाही. उच्चार तोच ठेवा, निदान वाचून दाखवलं तर कळेल.

फळा-खडू | गुरुवार, सकाळी ७:०५

मी नौपाड्यात राहते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. या विषयातलं मला ओ का ठो कळत नाही, त्यामुळेच काल रात्री तुमची पुस्तिका वाचायला घेतली. नातवाने दुवा काढून दिला. (सगळ्यांना सापडतंय, तर आता नाव लपवण्यात काय हशील?)

शब्दांबद्दल आधी. कॉम्पोनंटला «घटक» लिहिलंत ते उत्तम. शाळेच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या घटक आहे, कुणी अडणार नाही. परवानगी, यादी, स्थिती, सूचना हे सगळं मराठीतच हवं, कारण ते शब्द पोरासोरांच्या तोंडात आहेत. ॲक्टिव्हिटी वगैरे चार नावं मात्र विशेषनामं समजा आणि तशीच ठेवा. विशेषनामाचं भाषांतर आपण करत नाही. फक्त पहिल्यांदा येईल तिथे प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगा. तुमच्याकडे पान १२ वर «ॲक्टिव्हिटी म्हणजे ॲक्टिव्हिटी वर्गाचा विस्तार करणारा घटक» असं आहे. हे म्हणजे «आंबा म्हणजे आंब्याच्या झाडाचं फळ». मी असल्या उत्तराला अर्धा गुण देत असे, तोही हस्ताक्षर चांगलं असेल तर.

आता मुख्य. पान ३ वाचून मला वाटलं की यादीत जे दिसतंय ते सगळं या क्षणी फोनमध्ये चालू आहे. तीसेक नावं पाहून मी घाबरले आणि बॅटरी यामुळेच उतरते अशी माझी खात्री झाली. नातू म्हणाला, नाही आजी, ही फक्त नावनोंदणी आहे. मग तसं लिहा की! शाळेत जनरल रजिस्टर असतं आणि हजेरीपट असतो. जनरल रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे पोरगं आज वर्गात आहे असं नाही. तुमचं टूल मला जनरल रजिस्टर दाखवतंय आणि मी ते हजेरीपट म्हणून वाचत होते. चूक माझी नाही, पानावर कुठेही फरक सांगितलेला नाही.

येऊरचा बिबट्या | गुरुवार, सकाळी ७:४८

बाई, साष्टांग. आम्ही हे ट्रेनिंगमध्ये अर्धा तास सांगतो.

त्यात एकच भर: रजिस्टरमध्ये नाव नसताना वर्गात बसणारी मुलंही असतात. ॲप चालू असताना स्वतःच्या कोडमधून रिसीव्हर नोंदवू शकतं, तो मॅनिफेस्टमध्ये नसतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरवर बऱ्याच सूचना ऐकण्याची बंदी आणली, तेव्हापासून असे ऐनवेळचे रिसीव्हर वाढले. म्हणजे रजिस्टर पाहून «या ॲपमध्ये अमुक नाही» असंही छातीठोक म्हणता येत नाही.

खरी हजेरी घ्यायची तर संगणकाला फोन जोडून एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायची खिडकी) डंपसिस ही आज्ञा चालवा. «डंपसिस पॅकेज» आणि पुढे ॲपचं नाव टाकलं की नोंदणी दिसते, कुठले घटक हातानं बंद केलेत तेही दिसतं. «डंपसिस ॲक्टिव्हिटी सर्व्हिसेस» आणि ॲपचं नाव टाकलं की आत्ता खरोखर चालू असलेल्या सर्व्हिस. (इथे देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलवर तसंच टाकू नका. एका ज्युनियरने टाकलं होतं.)

फळा-खडू | गुरुवार, सकाळी ८:२०

ही पटावर नसलेली मुलं प्रत्येक वर्गात एक-दोन असायची. शेजारच्या शाळेतून यायची, खिचडीच्या दिवशी. पुस्तिकेत घ्या.

कोपरीकर | गुरुवार, सकाळी ११:१०

एक शंका. माझा नवा फोन रूट केलेला नाही. त्यावर एकेक घटक बंद करता येईल का? संगणकाला जोडून?

घणसोली फास्ट | गुरुवार, दुपारी १:१५

नाही. एडीबीच्या शेलला आख्खं ॲप थांबवता येतं, एकेक घटक नाही (चाचणीसाठी खास बांधलेली ॲप सोडून). रूट नसेल तर आमचं टूल फक्त वाचतं. हेही पहिल्या पानावर हवं होतं. आत्ता टॉगल दिसतो, दाबला तर नुसती त्रुटी येते आणि लोक एक तारा देऊन जातात.

खारफुटी | गुरुवार, दुपारी १:३०

मग रूट नसेल तेव्हा टॉगल दाखवूच नका. एक पान वाचलं.

घणसोली फास्ट | शनिवार, रात्री १२:४०

मंडळी, दोन रात्री बसलो. चाळीस पानांची अकरा झाली. «निर्यात» गेलं, «सदर» गेलं, «अनुप्रयोग» गेलं. सगळे «अॅ» शोधून «ॲ» केले, दोनशेच्या वर निघाले. वागळेवाल्याला क्रियाकलापाचं वाईट वाटलं, पण बाईंचा प्रतिसाद वाचून गप्प बसला. त्याची आई त्यांची विद्यार्थिनी निघाली!

थोडे बदल टूलमध्येच केले. लाल खूण निळी केली, आणि परवानगी लावलेली असेल तर शेजारी कुलूप. ज्या प्रश्नाला तीन पानं उत्तर देत होतो तो प्रश्न बहुधा आता येणारच नाही. रूट नसेल तर टॉगल दिसत नाही. «सगळे चालू करा» उडवलं, तिथे «मूळ स्थितीला न्या» आलं. टॉगल बंद करताना खाली एक ओळ येते: «या घटकातून तुम्हाला हव्या असलेल्या सूचनाही येत असतील.» आम्ही तिघं तिला सासरे-ओळ म्हणतो.

पहिलं पान असं झालंय, बघा:

«ही यादी म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर आहे, हजेरीपट नाही. ॲप बनवणाऱ्याने आणि त्याने वापरलेल्या लायब्ररींनी जे घटक नोंदवले ते सगळे इथे दिसतात. त्यातले आत्ता किती चालू आहेत ते ही यादी सांगत नाही. काही घटक यादीत नसूनही चालू असू शकतात.

ॲक्टिव्हिटी म्हणजे समोर येणारा पडदा. सर्व्हिस म्हणजे पडदा नसतानाही चालणारं काम, जसं गाणं वाजत राहणं. रिसीव्हर म्हणजे काहीतरी घडल्याची हाक ऐकून जागा होणारा, जसं फोन सुरू झाला की. प्रोव्हायडर म्हणजे माहिती मागणाऱ्याला ठरलेल्या वाटेने देणारा, जसं फोनमधले नंबर दुसऱ्या ॲपला.

निळी खूण म्हणजे हा घटक दुसऱ्या ॲपला उघडता येतो. होम स्क्रीनवर चिन्ह असलेल्या प्रत्येक ॲपमध्ये असा निदान एक घटक असतोच. कुलूप असेल तर योग्य परवानगी असलेल्यालाच तो उघडता येतो. ॲप तुम्ही स्वतः बनवलं असेल आणि कुलूप नसेल, तर पान ५ वाचा. ॲप दुसऱ्याचं असेल, तर नुसत्या खुणेवरून ते सुरक्षित आहे की नाही ते ठरत नाही.»

यानंतर थेट तीन प्रश्न, लोकांच्याच शब्दांत. मग कामं. संदर्भ सगळ्यात शेवटी.

येऊरचा बिबट्या | शनिवार, सकाळी ९:१५

कुलपाबद्दल अजून एक ओळ टाका. परवानगी कोणती आहे यावर कुलपाची ताकद ठरते. एकाच सहीच्या (म्हणजे एकाच बनवणाऱ्याच्या डिजिटल सहीच्या) ॲपना मिळणारी परवानगी असेल तर कुलूप पक्कं. मागितली की कुणालाही आपोआप मिळणारी असेल तर ती नुसती कडी. दोन्हींना सारखंच चित्र दाखवलंत तर पुन्हा फसगत.

घणसोली फास्ट | शनिवार, सकाळी ९:४०

बरोबर. कुलूप आणि कडी अशी दोन चित्रं करतो. कडीचं चित्र कसं काढायचं हा वेगळाच प्रश्न.

पारसिक बोगदा | शनिवार, सकाळी ९:५२

अवांतर: बोगदा पहिल्यांदाच म्हणतोय, चांगलं झालंय. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). लग्नाचं काय झालं?

खारफुटी | शनिवार, सकाळी १०:०५

पान ६ चा नवा स्क्रीनशॉट पाहिला. आता यादीत फक्त घड्याळ, कॅलेंडर आणि गणकयंत्र. बोगदा, तुम्हाला उत्तर मिळणार नाही.

कोपरीकर | शनिवार, दुपारी १२:३०

सासरे-ओळ त्यांना दाखवली. खूश झाले. म्हणाले, माझं नाव पण घाला.

घणसोली फास्ट | शनिवार, दुपारी २:१०

बाई, अकरा पानांची प्रिंट काढून उद्या सकाळी दहाला तलावपाळीला घेऊन येऊ का? तुम्ही लाल पेनाने तपासलंत तरच ती बाहेर सोडीन.

फळा-खडू | शनिवार, दुपारी ४:४५

या. पण तलावपाळीला रविवारी बसायला जागा मिळत नाही, घरीच या, नातू दार उघडेल. साइटवरचं मी आत्ताच वाचलं. पान २, ओळ ७: «हे घटकं बंद करू नका» असं झालंय. घटक पुल्लिंगी, अनेकवचनही घटकच. पान ४ वर «कृपया» सहा वेळा आहे, पाच काढा. पान ५ मला कळलं नाही, पण ते माझ्यासाठी नाही असं तुम्ही आधीच लिहिलंय, म्हणून रागावले नाही.

गोखले रोडने येऊ नका, खणलाय.